उजनीचं पाणी कुठवर आलंय

तात्या, तुम्हाला तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागे तात्या. आता पाठीमागेच बोलणं उरलंय, म्हणून तात्याच म्हणते. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. बारामतीच्या विमानतळावर, विमान चालवायला शिकणाऱ्याच्या उजव्या हाताला, तुमच्या जागी आता मी बसते. डोकंही तुमच्याइतकंच लवकर तापतं. मी नवाकोरा टॅब्लेट मांडीला बांधून आले होते तो दिवस आठवतो. विमान वर गेलं आणि तुम्ही त्यावर आपली टोपी ठेवलीत. "बये, मांडीवर काय बघतीस? काटेवाडी मांडीवर न्हाय, खाली हाय. बाहेर बघ." इतका राग आला होता की दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला कळंबला घरी नेलंत. स्वयंपाकघरात फरशीवर नकाशा पसरलेला, त्याच्यापुढे तुम्ही मांडी घालून बसलेले, आणि काकू ताटं हातात घेऊन उभ्या. "त्यो कागद उचला आधी, वाढू कुठं?" तुम्ही ऐकता होय! नकाशावरच्या उजनीच्या निळ्या पाण्यात तुम्ही पेन्सिलनं रेघा ओढल्या होत्या, प्रत्येकीवर महिना. छापलेलं पाणी धरण भरल्यावरचं. उन्हाळ्यात ते मागं सरतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक पिकं घेतात, आणि वरून बघणारा नवखा माणूस ते हिरवं पाहून गोंधळतो. "पाणी कुठवर आलंय ते छापखान्याला काय ठावं? आपण बघायचं, आपण लिवायचं." जेवण झाल्यावर तो नकाशा तुम्ही माझ्या हातात दिलात.

आणि मी तो कपाटात ठेवला. शिकवायला लागल्यावर मला टॅब्लेटच सोपा वाटला. विमान कुठं आहे, वारा किती, पुढं काय, सगळं एका काचेवर. तो वाईट नाही हो, धुरकट सकाळी त्यानं मला सुखरूप घरी आणलंय. पण सोपं पडतं म्हणून मी पोरांना दुसरं काही शिकवायचंच सोडलं, आणि यंदाच्या एप्रिलमध्ये ते अंगाशी आलं.

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या शेतकरी घरातली एक मुलगी माझ्याकडे शिकते. गावातली विमान चालवणारी ती पहिलीच. एकटीनं लांब जाऊन परत यायचं उड्डाण करायला माझी सही लागते, म्हणून आधी मी तिच्याबरोबर गेले आणि इंदापूरच्या पुढं तिचा टॅब्लेट काढून घेतला. स्वतःचा तालुका खाली पसरलेला, आणि तिला तो ओळखेना. गाळातली पिकं बघून तिला वाटलं, उजनी ओलांडून आपण पुढं आलो, आणि ती भलतीकडंच वळली. उतरल्यावर मी कडाडले, सही मिळणार नाही. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, ह्याच्याबिगर कसं जायचं, ते तुमी शिकवलंच न्हाय की."

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. तीन आठवडे आम्ही दोघी तुमच्या नकाशावर वाकलेल्या: पेन्सिल, होकायंत्र, घड्याळ. पोरगी शिकली, आणि तुमच्याही एक पाऊल पुढं गेली. तिनं टॅब्लेटवरच्या नकाशावर बोटानं यंदाच्या पाण्याची रेघ ओढली आणि खाली तारीख टाकली. "कागदावर रेघांची गर्दी झालीया, मॅडम. हितं पायजे त्या महिन्याची तेवढीच दिसती." आता बाकीची पोरंही दर आठवड्याला वरून पाणी बघून येतात, रेघ बदलतात आणि कुणाची बरोबर यावरून भांडतात. तुम्ही असता तर त्या भांडणात सगळ्यात मोठा आवाज तुमचा असता. मला ते ऐकताना फार बरं वाटतं.

परवा मी सही केली. अट एकच: टॅब्लेट चालू असेल, पण पिशवीत. ती उडाली, आणि मी ऑफिसात येऊन तिच्या टॅब्लेटवरून माझ्या टॅब्लेटवर येणारा तिच्या विमानाचा ठिपका बघत बसले. इंदापूर तिनं बरोबर गाठलं. मग उजनीच्या काठावर ठिपका थांबला. रेंज गेली असणार, हे कळत होतं, तरी टॅब्लेट दोनदा बंद करून चालू केला. शेवटी पेन्सिल घेतली, वारा धरून गणित मांडलं. साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना ती दिसायला हवी होती. बाहेर जाऊन उभी राहिले. साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना उत्तरेकडून आवाज आला, तात्या.

उतरून ती जवळजवळ पळतच आली. "मॅडम, खरं सांगा, माझा ठिपका बघत हुता न्हवं?"

"छे गं," मी म्हणाले, "मला खात्री होती तुझी."

धडधडीत खोटं बोलले, तात्या. तिला हे कधी सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, कारण हे पत्र कुठल्याच पोस्टात पडणार नाही.