खिडकीतले दोन खांब

सर, यंदाच्या दिवाळी अंकात माझी खिडकी छापून आली आहे. खिडकी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण माझ्या मुलीला समजावून सांगावं लागलं. वरच्या पानाला भोक, त्या भोकातून दिसतं काहीतरी चावट, बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो, आणि पान उलटलं की निघते दुधी भोपळ्यांची जोडी. ती म्हणाली, "मम्मी, आणि ह्याला लोक हसायचे?" म्हटलं, हसायचे, पण आधी इकडे तिकडे बघून घ्यायचे, कुणी पाहत नाही ना. तिला ते पटलं नाही. तिच्या मोबाइलवर सगळंच उघडं असतं, तिला पान उलटायची मजा कशी कळणार? तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. अंक हातात आला तेव्हा पहिली आठवण तुमचीच झाली, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही मूळचे आणे गावच्या पठारावरचे. आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला होतात, गावात खोली करून एकटे राहायचात, शनिवारी शाळा सुटली की एसटीने घरी आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत. आम्हाला तुम्ही कलश, फुलदाणी आणि केळीचा घड याच्या पलीकडे फारसं काही काढायला दिलं नाही. रोज सकाळी फळ्यावर सुविचार मात्र तुम्हीच लिहायचात. मला सुविचार एकही आठवत नाही, अक्षर आठवतं. तुमच्या 'ळ'चा एक डोळा मोठा आणि एक बारीक, नाकावरून घसरलेल्या चष्म्यासारखा. मी नववीत होते. वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढून वर्गाला हसवायचे. एकदा आपल्या शिपाईमामांचं चित्र काढलं, एक पाय आखूड, हातात घंटा, आणि त्या चालीने सगळी शाळा वाकडी झालेली. वर्ग खो खो हसत होता आणि तुम्ही मागून वही उचललीत. मला वाटलं आता छडी. तुम्ही बराच वेळ चित्र पाहिलंत आणि हळूच विचारलंत, "पाय त्यांनी स्वतः आखूड केलाय का?" मी नाही म्हटलं. "मग त्याला कशाला हसायचं? माणसानं जे केलंय ते काढ. जे त्याच्या वाट्याला आलंय ते काढू नको." वही परत दिलीत, पान फाडलं नाहीत. आजही संपादक फोनवर म्हणतात, बाई, जरा त्या पुढाऱ्याचं पोट वाढवा की, तेव्हा मी म्हणते पोट राहू द्या, त्यानं कालच्या सभेत काय केलं ते काढते.

त्याच वर्षी पावसाळ्यात केव्हातरी तुम्ही वर्गातल्या माठाकडे बघून विचारलं होतंत, "मुली पाणी का पीत नाहीत? माठ भरलेला असतो, नुसती मुलं पितात." सगळ्या माना खाली. मी आगाऊ होते, बोलून गेले, "प्यायलं तर जायचं कुठं, सर?" मुलं फिदीफिदी हसली. तुम्ही हसला नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत राहिलात. बाहेर मैदानाच्या कडेला मुलींच्या संडासाचे दोन सिमेंटचे खांब उभे होते. वर्षभरापूर्वी संस्थेच्या अध्यक्षांनी लाल फीत कापून त्यांचं उद्घाटन केलं होतं, पेढे वाटले होते, आणि त्यानंतर तिथे एक वीटसुद्धा चढली नव्हती. आम्ही ओढ्याकडच्या घाणेरीच्या झुडपांआड जायचो, एकीनं जायचं आणि दोघींनी राखण करायची. माझ्या बाकावरची मुलगी शहाणी झाल्यावर शाळेत यायचीच बंद झाली.

दिवाळीची सुट्टी संपता संपता मी वही आणायला मारवाडी शेठच्या दुकानात गेले. त्यांच्याकडे दिवाळी अंक यायचे, आणि त्यातला तो एक चावट अंक गल्ल्याच्या मागे असायचा. शेठ बाहेर गेले की त्यांची बायको, आमच्या काकी, तो काढून वाचायच्या आणि पदर तोंडात धरून हसायच्या. त्या दिवशी मात्र अंक फळीवरच उघडा पडला होता आणि चार-पाच जण त्याच्यावर वाकले होते. पानाला भोक. भोकातून दिसत होते दोन उघडे, गोल, गोरे पाय आणि त्यांच्याभोवती लाल फीत. शेजारी गळ्यात हार घातलेला एक पुढारी टाचा उंचावून आत डोकावतोय. खाली हाताने लिहिलेलं, 'उद्घाटन सोहळा'. मी पाय पाहिलेच नाहीत, सर. मी 'सोहळा' पाहिला. एक डोळा मोठा, एक बारीक. "ह्यो तर आमच्या चित्रकलेच्या सरांचा ळ!" मी ओरडले. कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून पुन्हा ओरडले. दुसऱ्यांदा सगळ्यांनी मान वर केली. त्यात अध्यक्षांचे धाकटे भाऊ होते. त्यांनी अंक बगलेत मारला आणि निघाले. काकी मागून म्हणत राहिल्या, "अहो, पुढचं पान तरी बघा!"

शाळा उघडली त्या दिवशी ऑफिसात सभा भरली. मला बोलावलं, आईला बोलावलं. ती खुरपणीतून तशीच आली होती, हात मातीचे. अध्यक्षांनी अंक टेबलावर आपटला. "ह्या शाळंत आमच्या पोरी शिकत्यात, आन् मास्तर नागड्या बायका काढतो! लाज न्हाई?" मग माझ्याकडे वळले. "बोल पोरी, कुनाचं अक्षर हाय ह्ये?" मी खोटं बोलायचं ठरवत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "माझंच आहे. तिला कशाला विचारता?" तुम्ही उभे राहिलात आणि अगदी वर्गात विचारावं तसं विचारलंत, "पान कुणी उलटलंय का?"

"असली घान आमी उलटत न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

माझी आई पिंपरी पेंढारची, सातवी शिकलेली, कुणाला न भिणारी. तिनं पुढं होऊन त्या मातीच्या बोटांनी पान उलटलं. आणि हसायलाच लागली. "आगं बया! ह्ये तर आपल्या शाळंचं खांब हाईत की!" दोन नुसते खांब, भोवती फीत, ना भिंत ना छप्पर, आणि मागे दप्तरं पाठीला लावून हातात टमरेल घेतलेल्या मुलींची ओळ शेताकडे निघालेली. खाली, 'भिंती पुढच्या वर्षी'. लोक एकेक करून वाकले. कुणीतरी फसकन हसलं, मग दुसरं, मग हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. आईचं हसू मात्र थांबलं होतं. "अध्यक्षसाहेब, म्या भोकातनं बघितलं न्हाई, म्या पान उलटून बघितलं. आता तुमीच सांगा, ह्या दोन खांबांच्या आड माज्या पोरीनं बसायचं का?"

संक्रांतीच्या आत भिंती उठल्या, छप्पर पडलं, दाराला आतून कडीही बसली. माझ्या बाकावरची मुलगी परत आली आणि दहावी झाली. आज तिची सून आमच्याच तालुक्यात नर्स आहे. पण तुमच्याकडून लिहून घेतलं गेलं की यापुढे अशा अंकांसाठी चित्रं काढणार नाही, आणि उन्हाळ्यात तुम्हाला संस्थेच्या दुसऱ्या, दूर डोंगराकडच्या शाळेत पाठवलं. तुम्ही सही केलीत हे मला शिपाईमामांनी सांगितलं. मी चित्रकलेच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही रंगाच्या बाटल्या खोक्यात भरत होतात. मी रडत म्हटलं, "सर, तोंडातून निघून गेलं." ते पूर्ण खरं नव्हतं. पहिल्यांदा निघून गेलं होतं, दुसऱ्यांदा मी मुद्दाम ओरडले होते, कारण सगळ्यांनी माझ्याकडे बघावं असं मला वाटत होतं.

तुम्ही खोकं बाजूला सारलंत. "अकरा वर्षं त्या अंकात काढतोय," तुम्ही म्हणालात. "टोपणनावानं. घरी माहीत नाही, इथं माहीत नाही. लोक माझ्यासमोर माझंच चित्र बघून हसायचे आणि मी चहा पीत बसायचो. मजा यायची. पण कधी कधी वाटायचं, एखाद्यानं तरी ओळखावं." मग माझ्याकडे पाहून म्हणालात, "तू 'ळ'वरून ओळखलंस. पायांवरून नाही. डोळा चांगला आहे तुझा." आणि तुमचा टाक आणि अर्धी बाटली काळी शाई माझ्या हातात दिलीत. मी कधी चोरून, कधी उघड, त्या टाकाने काढत राहिले. पुण्याला आर्ट स्कूलला जायचं म्हटलं तेव्हा वडील नाही म्हणाले, आई म्हणाली जाऊ द्या. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं दर दिवाळीला मी त्या अंकात पानोपान 'ळ' शोधले. तुम्ही दिलेला शब्द पाळलात.

आता मी मंचरला असते, टॅबवर काढते, महिन्याला दोन-तीन अंकांना चित्रं देते. बाई असून असलं काढता, असे निरोप अजून येतात. पूर्वी लागायचे. आता मी प्रत्येकाला एकच उलट विचारते, पान उलटलंत का? बहुतेकांनी उलटलेलं नसतं. एकदा कळंबच्या एका आजोबांनी फोन केला, म्हणाले, "लई दिसांनी हासलो राव, पण माझ्या सुनंला सांगू नका." असा फोन आला की वाटतं, हे तुमच्याकडे जायला हवं होतं.

पत्र कुठं टाकायचं नाहीच, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. यंदा संपादकांनी आपापल्या गुरूचं चित्र मागवलं होतं. मी तुम्हाला फळ्यासमोर उभं काढलं, पाठमोरं, नुसता सदरा आणि खडू धरलेला हात. सगळ्यांना फार आवडलं. कुणी म्हणालं, टोपणनावानं काढणाऱ्या माणसाला पाठमोरं दाखवलं, काय कल्पना आहे! मी मान डोलावली. कल्पना वगैरे काही नव्हती, सर. चार रेघांत कुठलाही मंत्री उभा करते मी, पण ते चित्र काढायला एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत बसले आणि मला तुमचा चेहरा आठवला नाही.