चुलीमागची अंडी

पाल्मिता, २ एप्रिल

ती. ओतिलियाताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच. पाऊस यंदा लवकर आला. माळावर तळी साचली, लाल शराटी पक्षी उतरले, चिग्विरे, ते डुकराएवढे पाणउंदीर, पिलांची रांग घेऊन थेट अंगणात चरताहेत. आणि क्राव्हो नदी एका रात्रीत चढली. वाळूच्या बेटावर थोरल्या मगरीने अंडी घातली होती, ती बुडणार होती. या नदीत मगरी आता उरल्यात किती, तूच सांग. मी आणि एउसेबियोकाका होडी घेऊन गेलो. काकांनी वल्ह्याने तिला झुलवत ठेवलं, मी वाळू उपसली. एकदा तिचा जबडा होडीच्या काठावर आपटला. पण अंडी आणली, एकही न उलटता, उलटलं की आतलं पिलू मरतं.

उंच कोरडी वाळू फक्त आईच्या चुलीमागे. तिथेच पुरली. याच मगरीने तिची गाभण डुकरीण नेली होती ना, त्यामुळे आईचा तोंडाचा पट्टा चालूच आहे. म्हणते, की पिलं निघाली की रश्श्यात टाकीन. तू तिला दोन शब्द लिही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
आर्कादियो

आराउका, १४ एप्रिल

चि. आर्कादियोस,
अ. उ. आ.

शहाण्या, पत्र वाचून मी शिवणयंत्र सोडून नाचले आणि मग कपाळावर हात मारला. पिलांना स्वतःहून वर येता येत नाही, हे विसरलास? ती आतून हाका मारतात, मग त्यांची आई येऊन वाळू उकरते. आजोबा सांगायचे तेव्हा तू घोरत असायचास. आता मगरीण नदीत आणि पिलं चुलीमागे. कोणी ऐकलं नाही तर आतल्या आत गुदमरतील. तू दिवसभर गुरांमागे, काका ठार बहिरे. चुलीपाशी असते ती आईच, आणि तिला मी काय लिहू? तिने त्या डुकरिणीचं नावसुद्धा ठेवलं होतं. तूच घरी थांब.

लगेच कळव, मला इथे टाके सरळ पडत नाहीत.

तुझी
ताई

पाल्मिता, ५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज पोचलं, टपालाची बोट पुरात वाहून आलेल्या झाडांत अडकली होती. पिलं परवाच निघाली.

मी माळावर होतो. परतलो तर चूल विझलेली आणि आई वाळूत गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात आत. म्हणाली, की सकाळपासून आवाज येत होता, आधी लक्ष दिलं नाही, मग कॉफी घशाखाली उतरेना. तिची नखं मोडली होती. मी पुढे झालो तर माझ्यावरच खेकसली, की लांब हो, पाय पडेल. परातभर पिलं, वीतभर लांब आणि आतापासूनच चावरी.

परात घेऊन ती थेट नदीवर. मी विनवलं, की काठावर ठेव आणि मागे ये. ऐकते थोडीच, गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. पिलं हाका मारत होती. बेट कधीच बुडालंय, तरी मगरीण त्या जागेभोवतीच घिरट्या घालत होती. ती वळली. आधी दोन डोळे, मग सगळी पाठ वर आली. आईने सावकाश परात तिरकी केली आणि तिला म्हणाली, की घे बाई, सगळी आहेत. तुला विचारून न्यायला हवी होती, पोराला अक्कल नाही.

घरी येईपर्यंत आई रडत होती. मीही.

माया असू दे.

तुझा
आर्कादियो