हरणीला कोंडलं तेव्हा

प्रिय हेमला,

एका कुत्रीचा माज अडवायला काय लागतं, तो हिशेब आधी ऐक. जाड पत्र्याचं एक नवं गेट, कंपाउंडभर काटेरी तार, फिनेलचे डबे, माझी महिन्याभराची झोप. समोरच्या विमलबाईच्या टपरीवरचा चहा, जो आता मला मिळत नाही. तिचा काळ्या. तीन पिल्लं. आणि तू, कारण तू माझा फोन उचलणं सोडलं आहेस. रुपये मी यात धरलेच नाहीत. लोखंड माझ्याच दुकानातलं होतं.

हे पत्र इमरानच्या हाती देतो आहे. तो ट्रक घेऊन तुमच्या कारखान्याकडं निघालाच आहे, तुमच्या पाचटाच्या कोपीपर्यंत येऊन देतो म्हणाला. सुंदरबाईला वाचायला लाव. तू रागात असलास की दोन ओळींपुढं वाचणार नाहीस, तुझी बायको शेवटपर्यंत वाचेल.

तुझं शेवटचं बोलणं माझ्या कानात अजून तसंच आहे. "वाण नासला, जगदेव. पिल्लं पोत्यात घाल अन् हरणीले मदनसिंगच्या हवाली कर. तो पाह्यते मंग." एवढं बोलून तू फोन ठेवलास. तुझा भाऊ कसं 'पाहतो' ते मी कानांनी ऐकलं आहे, म्हणून हरणी अजून त्याच्या हवाली केलेली नाही. ती जिवंत आहे, माझ्या शेडमध्ये गोणपाटावर पडून आहे. मदनसिंग पुढच्या बाजारी तिला न्यायला येतो म्हणाला आहे. त्याच्या आत तुझ्यापर्यंत सगळं पोचायला हवं.

तुला आठवतं का, मी निंबाखाली पंक्चर काढत बसायचो तेव्हा तू बकऱ्यांच्या वाड्याचं मोडकं फाटक खांद्यावर टाकून आला होतास? वेल्डिंग येतं का, विचारलंस. मी येतं म्हणालो. येत नव्हतं. पण तू ते फाटक पुऱ्या तांड्यात गाजवलंस, "जगद्याचं फाटक हाय, लांडगा दात पाडून घेऊन गेला." त्या एका वाक्यावर माझं दुकान उभं राहिलं गड्या, हे मी कधी तुझ्या तोंडावर बोललो नाही. आज हायवेला माझं ग्रील-शटरचं शेड आहे, मंगरूळपासून माणसं गेट करायला येतात. म्हणून दसऱ्यानंतर तुमची गाडी ऊसतोडीला निघाली आणि तू हरणीची दोरी माझ्या हातात दिलीस, तेव्हा माझी छाती केवढी झाली होती, काय सांगू.

रोही असो की रानडुक्कर, हरणी शेतात सुटली की मागं वळून पाहत नाही, अशी कारवानी कुत्री तुमच्या तांड्यात दुसरी नाही. मागच्या वेतातलं एकच पिल्लू तू ठेवलं होतंस, भुऱ्या. तोही तिच्यामागं लुटूलुटू आला. तू एका पायावर गाडीत चढत सांगत होतास, "माजावर आली का कोंडून टाक. गावठी लागू देऊ नको. मी आलो का रिसोडकडच्या कारवान्याशी लावू." आणि मी काय म्हणालो? चार माणसांत म्हणालो, "माझ्या गेटातून वारा जाईल, कुत्रं जायचं नाही." सुंदरबाई गाडीतून हसली होती. पुढं ते वाक्य मी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं की घरात मनकर्णा चिडवायला लागली, "आता ते बोर्डावर लिहून टाका."

मार्गशीर्षात हरणी माजावर आली. आधी नुसती बेचैन, घडीघडी मुतायची, मग फरशीवर लाल थेंब दिसले. वाशीमच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, रक्त थांबलं म्हणजे माज संपला असं समजू नका, खरा धोका तिथूनच सुरू होतो. तीन आठवडे नराला जवळ येऊ देऊ नका. मी जुनं गेट काढून नवं बसवलं, खालची फट पट्टी मारून बुजवली, भिंतीवर तार ओढली. तिचं गोणपाट रोज बदलायचो, फरशी फिनेलनं धुवायचो. तिला फिरवायला जीपमध्ये घालून पार माळावर न्यायचो, म्हणजे वास दाराशी रेंगाळू नये.

तरी कुत्री आलीच. बस स्टँडवरची, खाटकाच्या दुकानामागची, कुठली कुठली. गेटाबाहेर नुसती लाळ गाळत बसलेली. एकमेकांचे कान फाडायची, ट्रकखाली यायची. एक तर डांबरावरच दोन दिवस पडून होतं, कोणी उचललं नाही. गिऱ्हाईक दुरूनच परत फिरायचं. मनकर्णा म्हणाली, "ग्रीलचं दुकान हाय का कुत्र्याइचं टेसन?" माझे कान तुला ठाऊक आहेत, बाजारात कोणाचं शटर वर गेलं ते मी आवाजावरून सांगतो. महिनाभर मी नुसता ऐकत होतो. कोणतं कुत्रं भिंतीला नखं घासतं, कोणतं पत्र्याला अंग टेकतं, सगळं पाठ झालं. विमलबाईचा काळ्या सगळ्यांत चिवट. तिनं शिळ्या पोळीवर वाढवलेलं गावठी कुत्रं ते. बिनतेलाच्या बिजागरीसारखा कुईकुई करत गेटाशीच पडून राहायचा.

आत हरणी रडायची. अन्न तोडलं होतं, पत्र्यावर उड्या मारून नखं मोडून घेतली. मला बघवेना. मनकर्णा म्हणाली, "लेकरू तोडलं ना तिचं, म्हणून करून राह्यली असं." तिच्या उड्यांचे धक्के खाऊ नयेत म्हणून भुऱ्याला मी पलीकडं बांधला होता. त्याला सोडून तिच्याजवळ आत घातला आणि बाहेरून कुलूप मारलं. खरंच, त्या दिवसापासून ती शांत झाली. मी मनकर्णाला म्हणालो, बाईच्या जातीला बाईच ओळखते.

माज ओसरला, कुत्री पांगली. मी तुला फोन केला, किती ताठ्यात बोललो होतो मी! पौष संपता संपता मनकर्णानं हरणीच्या पोटाखाली हात फिरवला आणि म्हणाली, "हे गाभण हाय." मी तिच्यावर खेकसलो. मग सगळी भिंत बोटानं चाचपून काढली. मोरीच्या पाण्याला ठेवलेलं एक भोक सापडलं, वीतभरही नव्हतं, पण मला तेवढं पुरलं. विमलबाईच्या टपरीवर, तिच्याच बाकावर बसून, तिचाच चहा पीत मी म्हणालो, "काळ्याच असंल. मोरीतून शिरला असंल." विमलबाई म्हणाली, "भाऊ, त्या भोकात माहं पातेलं जात नाही, कुत्रं कसं जाईन?" बाकावरचे लोक हसले. मीही हसलो, आणि तरी तुला फोनवर काळ्याचंच नाव सांगितलं. तुझं उत्तर वर लिहिलंच आहे.

दुसऱ्या दिवशी मदनसिंग आला.  भंगारातला एक रॉड उचलला आणि रस्ता ओलांडून गेला. काळ्या त्याला पाहून शेपूट हलवत उठला, रे. मी शटर अर्धं खाली ओढून आत उभा राहिलो. पाहिलं नाही, पण कान कुठं झाकणार? विमलबाई किटली हातात धरून उभी होती म्हणे. संध्याकाळी तिनं एकटीनंच त्याला पोत्यावर घालून ओढत नाल्याकडं नेला. मदनसिंगनं रॉड परत आणून जागेवर ठेवला होता. "मनकर्णावहिनीले सांगजा, पिल्लं झाले का मले फोन कराले," एवढं बोलून गेला.

महाशिवरात्रीच्या आसपास हरणी व्याली. तीन पिल्लं. पहिलं मेलेलंच. दुसऱ्याची टाळू फाटलेली, प्यायलेलं दूध नाकातून यायचं. दोन दिवस धडपडलं आणि गेलं. तिसरं चांगलं वाटत होतं, पण त्याला उठताच येईना, तेही गेलं. ते जिवंत होतं तेव्हाच विमलबाई आली. काळ्या गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं माझा उंबरा ओलांडला. गोणपाटाशी बसली, पदर सावरून तिन्ही पिल्लं नीट पाहिली, मेलेली दोन्हीसुद्धा, जी मी अजून पुरली नव्हती. बारीक लांब तोंडं, लांब पाय, पिवळसर भुरा रंग. पांढरी छाती. काळा केस एकाच्याही अंगावर नाही. मग वर माझ्याकडं पाहून म्हणाली, "भाऊ, याच्यातलं माह्या काळ्याचं कोणतं हाय? दाखवा, घेऊन जाते."

 ती गेल्यावर मी तिथंच बसून राहिलो. भुऱ्या आला आणि मेलेल्या पिल्लाशेजारी नाक टेकून बसला. तेव्हा मला दोघं शेजारीशेजारी दिसली. तीच पांढरी छाती, तोच रंग. आपण सगळे त्याला लेकरू म्हणत होतो. तो माझ्या गुडघ्याला लागत होता, पाय वर करून मुतत होता, तरी लेकरूच. आपल्या सगळ्या शेलूबाजार गावची कुत्री मी बाहेर ठेवली, आणि ज्याला आत घालून बाहेरून कुलूप मारलं, तो तिचाच मुलगा होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरला विचारलं तर तो साधेपणानं म्हणाला, आठ-नऊ महिन्यांचा नर नरच असतो, त्याला आई कळत नाही. मग म्हणाला, तीन आठवडे नर लांब ठेवा म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? मी बाहेरचे नर मोजत बसलो होतो.

विमलबाईकडं मी गेलो होतो. जे होतं ते सांगितलं. तिनं गिऱ्हाइकाला चहा दिला, गल्ल्यात चिल्लर टाकली, फडक्यानं बाक पुसला. मग म्हणाली, "बाकावर बसू नका, जगदेवभाऊ." तेव्हापासून मी घरचाच चहा पितो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. पिल्लं गेल्यावर हरणीला ताप चढला, अंगाला घाण वास यायला लागला. जीपमध्ये घालून वाशीमला नेली. पोटात आणखी एक पिल्लू मरून राहिलं होतं, पिशवी सडली होती. डॉक्टर म्हणाला, मालकाला विचारा, पिशवी काढावी लागेल, नाहीतर सकाळ पाहणार नाही. मी तुला सहा वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. मग मीच मालक म्हणून सही केली. हेमला, तुझ्या हरणीला आता पिल्लं होणार नाहीत, कारवान्याचीही नाहीत अन् गावठीचीही नाहीत. तिचा वाण भुऱ्यापाशीच संपला. याचा राग काढायचा असेल तर माझ्यावर काढ, पण नासली म्हणून तिला मारायचं आता काही कारण उरलेलं नाही, एवढं मदनसिंगला आजच फोन करून सांग. तुझाच शब्द तो ऐकतो, माझा नाही. टाके ओले आहेत, पण काल ती दारापर्यंत चालत आली आणि रस्त्यावरच्या डुकरावर गुरगुरली. उन्हाळ्यात तू आलास की तुला हवी तर ने, नको असली तर माझ्याजवळ राहू दे. भुऱ्याला मात्र घेऊन जा. आणि गेटाची काळजी करू नकोस. आता ते दिवसभर सताड उघडं असतं, एकही कुत्रं फिरकत नाही.

तुझाच,
जगदेव