वीसपैकी शून्य

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या लेकीचं प्रगतिपुस्तक मिळालं. विज्ञानात पास होता होता राहिली! तुझ्यासारखी विज्ञानाची बाई घरात, आणि घरातलीच मुलगी नापास? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिला भांड्यांना जुंपतेस का? शाळेतून सरळ घरी येते का? कुणाच्या नादी लागली असेल तर लपवू नकोस. रुग्णालयाने मला दोन खोल्यांचं क्वार्टर दिलंय, जूनपासून ती माझ्याजवळ राहील असं तिला दिवाळीतच सांगितलं होतं. पण इथली शाळा नववीचे गुण बघूनच दारात उभं करते.

प्रकृतीला जप. माया आहेच, सध्या थोडा रागही आहे.
तुझी ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भांडी मीच घासते, तुझी लेक पुसते आणि माझ्या नावाने बोटं मोडते.

संशय मलाही आला. लाज वाटते, पण दोन दिवस चोरासारखी तिच्या मागे गेले. दप्तर उचकलं, चिंचा निघाल्या. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबते, तेव्हा वाटलं, सापडलं! खिडकीतून डोकावले तर बाईसाहेब आठवीच्या पोरींना भिंगाचा धडा समजावत होत्या, माझ्यासारखे हातवारे करून. ज्या विषयात स्वतः आपटली, तोच. मला काही उमजेना.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुमच्या शाळेतल्या शिपायाची बायको आमच्या वॉर्डात आहे. सहज बोलता बोलता म्हणाली, बाई सगळ्यांना सांगतात, भाची काही कुठे जात नाही, दहावी माझ्याकडेच करेल. कुणाला विचारून? मुलगी नापास झाली की प्रवेश हुकणार, आणि ती तुझ्याकडेच राहणार. हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं? मन चिंती ते वैरी न चिंती. तूच सांग, मी चुकतेय म्हणून.
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तसं म्हणाले होते. तुझ्या पत्राच्या आधी, गमतीत. ती गंमत नव्हती.

घरच्या मुलाचा पेपर आमच्याकडे दुसऱ्याने तपासायचा असतो. तिचा भूगोलाच्या सरांनी तपासला, म्हणून मी पाहिलाच नव्हता. काल मागून घेतला. चूक की बरोबर, अशी वीस विधानं होती. तिची वीसच्या वीस चुकली. ताई, ज्याला ओ की ठो कळत नाही त्याचीही आठ-दहा बरोबर येतात. सगळी चुकवायला सगळी यावी लागतात.

तिला समोर बसवलं. आधी रडली, मग मलाच म्हणाली, मी गेल्यावर तू जेवशील तरी का नीट?

मी तिला असं काही शिकवलं नव्हतं, शपथ. पण तो पेपर हातात धरून मला आधी आनंद झाला. बाई म्हणून राग यायला बराच वेळ लागला.

मुख्याध्यापकांच्या पाया पडून फेरपरीक्षा मिळवलीय, सोमवारी. तिने अबोला धरलाय. नीट लिही आणि आईकडे जा, असं तिला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा ते माझ्या तोंडून निघेलच असं नाही. म्हणून रजा काढ आणि रविवारीच ये.

वाट पाहणारी,
धाकटी