भाऊबीजेचा पाट

नरोली, सिल्वासा
१९ ऑक्टोबर २०२५

चि. गोकुळ यास ताईचे आशीर्वाद. द्यावेसे वाटत नाहीत, पण सणाचे दिवस आहेत.

फोनवर तू रेंज गेली म्हणून सुटतोस, तेव्हा हे कागदावर. काल धनत्रयोदशीला तुझ्या पलटणीतला तुषार तुझी अक्रोडांची पिशवी घेऊन आला. वापीचाच निघाला. आई चकल्या तळत होती. त्याने भाबडेपणाने हात जोडून सांगितलं की त्याच्या मुलीचं बारसं होतं, म्हणून गोकुळदादाने स्वतःची मंजूर झालेली सुट्टी त्याला दिली. आणि आम्हाला काय सांगितलंस? साहेबांनी सुट्टी नाकारली. सलग तिसऱ्या वर्षी.

आईने गॅस बंद केला. ‘म्हणजे त्याले यायचंच नव्हतं,’ एवढंच बोलली. अर्धं पीठ तसंच पडलंय.

दोन वर्षं भाऊबीजेला मी गच्चीत जाऊन तुझ्याऐवजी चंद्राला ओवाळलं. शेजारची गुजराती बाई विचारायची, भाऊ नाही का. मी ऐटीत सांगायचे, सीमेवर आहे, सोडत नाहीत त्याला. कसली खोटी ऐट मिरवायला लावलीस मला! यंदा चंद्रालाही ओवाळणार नाही.

परक्याच्या घरचं बारसं तुला दिसलं, घरची आई दिसली नाही. आमचं काय चुकलं ते एकदा कळव. लोभ ठेवायचा की नाही, तूच ठरव.

रजनीताई


मार्फत ५६ एपीओ
१ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस गोकुळचा शि. सा. नमस्कार.

तुषारला गप्प राहायला सांगायचं विसरलो, हा माझा गाढवपणा. बाकी कशाचीही माफी मागणार नाही.

मी शेवटचा आलो ती भाऊबीज आठव. मी पाटावर बसलो, तू ओवाळलंस, आणि तबक खाली ठेवायच्या आत दाजींनी विचारलं, लष्कराच्या कँटीनमधून बाटल्या किती आणल्यास. मग मामांना कुकर, तुझ्या नणंदेला मिक्सर. तूही हसत हसत इस्त्री सांगितलीस. त्याच्या आदल्या महिन्यात दरड कोसळून माझ्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला होता. कुणीतरी विचारेल, का रे गप्प, म्हणून सुट्टीभर वाट पाहिली. कुणी विचारलं नाही. आईनेही नाही.

इथे दिवाळीला पुऱ्या आणि डब्यातले रसगुल्ले होते. आचाऱ्याने कणकेचे दिवे केले, ते वाऱ्याने विझले. रडूही आलं. पण इथे मला कुणी कुकर मागत नाही. तुम्हाला कँटीन हवं आहे, भाऊ नको. कार्ड पाठवून देऊ का?

सगळ्यांना नमस्कार, दाजींना सोडून.

गोकुळ


नरोली
१४ नोव्हेंबर २०२५

चि. गोकुळ यास आशीर्वाद. मुकाट्याने घे.

तुझं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, ह्यांच्या देखत. ‘दाजींना सोडून’ हेही वाचलं. हे तणतणत नाक्यावर निघून गेले, जाऊ देत.

आई विचारते, त्या पोराचं नाव काय होतं. त्याच्या आईला कोण आहे. आम्ही तेव्हा विचारलं नाही, हे खरं. पण तुला तोंड नव्हतं? मनात कुढत बसायचं, तीन वर्षं खोटं बोलायचं, आणि तुझ्या पोटातलं आम्ही ओळखायचं. मला तुझा फार राग आलाय, अजून उतरलेला नाही.

यंदा चंद्राला ओवाळलं नाही. तुझा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. तो अजून उचललेला नाही. दोन खोल्यांच्या घरात चालायला जागा ती केवढी, सगळे त्याला अडखळतात. काल ह्यांची करंगळी ठेचली, शिव्या घातल्या. मी म्हटलं, वळसा घालून जा. गुड्डी त्यावर अभ्यासाला बसली, तर आईने नातीलाही उठवलं. विस्कटलेली रांगोळी रोज आईच नीट करते. मी हात लावत नाही.

सुट्टी मिळेल तेव्हा ये, मग शिमगा असो की श्रावण. रिकाम्या हाताने यायचं. हातात कँटीनची पिशवी दिसली तर दार उघडणार नाही.

लोभ असू दे, असं लिहिणार नाही. येऊन पाटावर बस. तोवर लागू दे सगळ्यांच्या पायाला.

रजनीताई