मायाचा दगड

भिवापूर,
१४ जानेवारी

चि. दीक्षास मावशीचे आशीर्वाद व सप्रेम जयभीम, वि. वि.

तू नागपूरला सुखरूप पोचलीस हे कळलं. फोनवर तुझे काका स्पीकर लावून बसतात, म्हणून मनातलं पत्रात लिहिते. इथून नेलेली मिरची इतवारीच्या खोलीत उघडी ठेवू नकोस, घरमालकीण शिंकून शिंकून तुला बाहेर काढील. आणि मापं घेताना जेवायचं विसरतेस ते बंद कर. अशी काडी झालीस तर पसंत कोण करणार तुला?

बोडीतल्या, त्या आटवलेल्या तळ्याच्या वावरात तू उपडे घालून ठेवलेले पांढरे डबे तुझे काका डोळ्यात तेल घालून राखतात. गावातले विचारतात, आनंदराव, याच्यात काय शिजून राहिलं गा? मग हे ऐटीत सांगतात की माझी भाची जमिनीचा श्वास मोजून राहिली.

एक विचारायचं राहिलं. बोडीच्या कोपऱ्यात आपल्या तान्ह्या मायाला मातीत ठेवलं, तिथे यांनी लांब दगड पार खालच्या मुरमापर्यंत रोवला होता. तेव्हा तो माझ्या घोट्याइतका वर होता, आता कमरेला लागतो. हे अंधश्रद्धा म्हणून रागावतील, म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही. पण मला वाटतं, ती वाढते आहे. असती तर तुझ्याच वयाची असती. दरवर्षी दिवाळीनंतर मी नाली खोल उपसून घेते, लेकराच्या अंगाला ओल लागू नये म्हणून. या खेपेला तू त्या दगडापाशी बसलीस आणि तुझा चेहरा उतरला. काय पाहिलंस ते कळव.

तुझी काळजी करणारी,
प्रेमिला मावशी

नागपूर,
२ फेब्रुवारी

ति. मावशीस दीक्षाचा सादर जयभीम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसायचे आणि काहीतरी निमित्त काढून सीताबर्डीला भटकून यायचे. तुला बरं वाटेल असं काही लिहून मोकळं व्हावं, असंही मनात आलं.

मावशी, दगड वाढत नाही. जमीन खाली जाते आहे. बोडीत पिढ्यानपिढ्या गवत, पाला, लव्हाळा पाण्यात पडत गेला. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून तो पुरता कुजला नाही. त्याचीच ती काळी भुसभुशीत माती झाली. पुढे काकांच्या वडिलांनी मिरचीसाठी नाली खणून पाणी काढून दिलं. हवा आत शिरली आणि इतका काळ दबून राहिलेलं सगळं कुजायला लागलं. त्याचा वायू होऊन उडून जातो, गाड्यांच्या धुरात असतो तोच, हवा तापवणारा. माझ्या डब्यांत तोच सापडतो. तिथे ना गाडी, ना भट्टी, तरी एवढ्याशा तुकड्यातून इतका निघतो की आमच्या सरांनी मला मापं पुन्हा घ्यायला लावली.

नाली जितकी खोल, तितकी ही माती लवकर संपते. हे वाक्य मी खोडलं आणि परत लिहिलं, कारण तू विचारलं होतंस.

उपाय एकच आहे, नाली बुजवायची आणि पाणी परत येऊ द्यायचं. मग मायाची जागा पाण्याखाली जाईल. नाही बुजवली तर एक दिवस तिच्याभोवती मातीच उरणार नाही. तुम्ही दोघं ठरवाल ते मला मान्य आहे.

रागावलीस तरी मला आपली म्हण.
तुझी,
दीक्षा

भिवापूर,
११ फेब्रुवारी

चि. दीक्षास आशीर्वाद.

तुझे डबे उचलून पडवीत ठेवले आहेत. येऊन घेऊन जा.

लेकराला ओल लागू नये म्हणून ज्या नालीत मी कंबर मोडेस्तोवर राबले, तीच नाली तिची माती खात होती, हे मला सांगून तू काय मिळवलंस? जगाची हवा तापते तर तापू दे. मला दगड वाढतो एवढंच पुरे होतं. हे म्हणाले, काहून रडून राहिली वं, पोरगी खरंच बोलली ना. मी यांच्याशीही बोलत नाही.

जेवत जा.
मावशी

नागपूर,
१९ फेब्रुवारी

ति. मावशीस जयभीम.

डबे राहू देत, मी इतक्यात येत नाही. माफी मागत नाही, कारण पुन्हा विचारलंस तर मला पुन्हा हेच सांगावं लागेल. पण तुझं पत्र वाचून मी खूप रडले. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते आणि मायाला जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिच्या वाट्याचं दूध पिऊन मी जगले. त्या कोपऱ्याचं मला काहीच वाटत नाही, असं तू समजू नकोस.

तुझीच,
दीक्षा

भिवापूर,
२४ मार्च

चि. दीक्षास मावशीचे अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

इतकी वर्षं यांनी मायाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. मी आपली समजत होते की हे विसरले. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, चाल वं, आपल्या मायाची माती वाचवू. मिरचीचं कसं, विचारलं तर म्हणाले, वरच्या वावरात लावू, कमी होईल पण होईल. नाली आम्ही दोघांनीच बुजवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

वरच्या तलावाचा पाझर आहेच, त्यामुळे पाणी हळूहळू चढत गेलं. मी रोज बघून यायची. दगडाच्या बुडाशी पोचलं तेव्हा मी एकटीच होते आणि फावडं हातात होतं. वाटलं, अजून वेळ गेली नाही, बांधाला एक खाच मारली की सगळं निघून जाईल. जीव नुसता कासावीस झाला, दीक्षा.

मायाला आंघोळ घालायच्या आधी मी पाण्यात कोपर बुडवून पाहायची, लेकराला सोसेल ना म्हणून. त्या दिवशीही खाली बसले आणि कोपर बुडवलं. पाणी गार होतं. तरी येऊ दिलं.

मावशीला अंतर देऊ नकोस.
तुझी,
प्रेमिला मावशी