सीट आणखी खाली

दादा,

तू म्हणाला होतास, बाबांना आता सायकल सोडायला लाव. माझ्याच्यानं ते झालं नाही. पाठ वाकेना तेव्हा मी हँडल वर घेतलं, पाय टेकेनात तेव्हा सीट खाली केली. सायकलचं दुकान माझंच, पाना हातातच असतो.

आज त्यांचा पाय दांडीवरून पलीकडे जाईना. म्हणाले, "सीट अजून खाली घे."

सीट पार तळाला टेकली होती. तरी मी नट सैल करून पुन्हा आवळला. "बघा आता."

त्यांनी पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. "राहू दे. थोरला आला की नीट बसवेल."

मी पाना ठेवून दिला. हे पत्र टाकलं, तर तू स्वतः न येता नवी सायकल पाठवशील. म्हणून टाकत नाही.

तुझा धाकटा